साडेसातची वेळ: कार्यालयात सांगण्यापूर्वीच्या तपासण्या आणि एका क्लिनिकची सकाळची सेवा

गेल्या सात आठवड्यांत मी एका स्त्रीरोग क्लिनिकमध्ये पाच वेळा गेले. त्यांपैकी चार वेळा सकाळच्या सत्रात गेले, आणि पाचही वेळा मी कुठे आहे हे माझ्या कार्यालयात कोणालाही ठाऊक नव्हते. त्यामुळे या परीक्षणात डॉक्टरांच्या कौशल्याइतकेच घड्याळ, कागद आणि फोन यांविषयी लिहिणार आहे. गरोदरपण अजून जाहीर न केलेल्या नोकरदार स्त्रीला याच तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्या लागतात, आणि क्लिनिकच्या माहितीपत्रकात नेमक्या त्याच सापडत नाहीत.

न सांगण्याचे माझे कारण साधे होते. मागच्या खेपेस मी सहाव्या आठवड्यातच सर्वांना सांगितले होते आणि नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. त्यानंतर ज्यांना ज्यांना आनंदाने सांगितले होते, त्या प्रत्येकाला पुन्हा सांगत फिरावे लागले, आणि ते सांगणे मला शरीराच्या दुखण्यापेक्षा जड गेले. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भपाताने संपतात आणि त्यांतील बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच, हे त्या वेळी डॉक्टरांनी समजावले होते. या वेळी ते १२ आठवडे मला माझ्या घरापुरतेच ठेवायचे होते.

अडचण अशी, की सर्वाधिक गुप्तता जेव्हा हवी असते, तेव्हाच तपासण्यांची दाटी असते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे घरच्या चाचणीत दोन रेघा दिसेपर्यंत चार आठवडे कागदावर होऊन गेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या शिफारशींत गरोदरपणात किमान आठ भेटी सांगितल्या आहेत आणि त्यांतली पहिली १२ आठवड्यांच्या आत व्हावी असे म्हटले आहे. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला त्या मुदतीत चार भेटी आल्या आणि पाचवी बारावा आठवडा पूर्ण होताच आली.

सकाळचे सत्र साडेसातला सुरू होते, आणि या क्लिनिकचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते खरोखरच साडेसातला सुरू होते. दिवसाची पहिली वेळ घेतली की आधीच्या रुग्णांमुळे साचलेला उशीर आपल्या माथी येत नाही. चारपैकी तीन वेळा मला दहा मिनिटांच्या आत बोलावले गेले आणि कामाच्या दिवशी, एक दिवस सोडला तर, मी नेहमीच्या वेळेला माझ्या टेबलापाशी पोहोचले. सकाळी उलट्यांचा त्रास अधिक असणाऱ्यांना ही वेळ कठीण जाईल, हे मात्र खरे. मलाही आठव्या आठवड्यात ती फार कठीण गेली. स्वागतकक्षातल्या बाईंनी काही न विचारता खिडकीजवळची खुर्ची रिकामी करून दिली, ही गोष्ट लहान असली तरी मी ती विसरणार नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी पाळीची तारीख आणि पूर्वीचा इतिहास विचारल्यावर तिसराच प्रश्न केला, “तुम्ही काम काय करता आणि कामाच्या जागी सांगितले आहे का?” मला हा प्रश्न अतिशय मोलाचा वाटला. माझे काम बैठे आहे, म्हणून थांबायला हरकत नाही, असे त्या म्हणाल्या. पण क्ष-किरण विभागात, रासायनिक द्रावकांमध्ये किंवा जड वजने उचलण्याचे काम करणाऱ्या स्त्रीने बारा आठवडे वाट पाहू नये, हेही त्यांनी स्पष्ट केले. बाळाचे अवयव याच सुरुवातीच्या आठवड्यांत घडत असतात, आणि संरक्षणाचे नियम बहुधा कळवल्यानंतरच लागू होतात. किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने गर्भासाठी सुचवलेली १ मिलिसीव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मर्यादासुद्धा गरोदरपण कळवल्यानंतरच्या उरलेल्या काळापुरती आहे. तपासणीसाठी कामावरून जाऊ द्यावे, असे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०००च्या शिफारशीतही मालकाला सूचना देऊन जाणेच गृहीत धरले आहे. म्हणजे मौन पाळण्याची किंमत असते, आणि ती प्रत्येकीच्या कामाप्रमाणे वेगळी असते. हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी सांगितले नव्हते.

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. तेव्हा ५ आठवडे ५ दिवस झाले होते आणि पडद्यावर फक्त गर्भाची पिशवी आणि तिच्यातले एक लहानसे वर्तुळ दिसले, ठोके नव्हते. या दिवसांत असे दिसणे स्वाभाविक आहे आणि पाळीच्या तारखेत थोडा फरक असला तर आणखी कमीही दिसू शकते, असे सांगून डॉक्टरांनी दहा दिवसांनी पुन्हा बोलावले आणि मी काही म्हणायच्या आतच वहीत साडेसातची वेळ लिहिली. ते दहा दिवस मी बैठकांना बसत होते, कागद पुढे सरकवत होते आणि मनात दुसरेच काही मोजत होते. ७ आठवडे १ दिवसाच्या सोनोग्राफीत ठोके दिसले. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि मला घाई केली नाही. त्या दिवशी मी कार्यालयात वीस मिनिटे उशिरा पोहोचले आणि मला त्याची पर्वा नव्हती.

आता तक्रारीकडे येते, कारण ती गंभीर आहे. पहिल्या भेटीच्या अर्जात कार्यालयाच्या दूरध्वनीची जागा होती आणि मी सवयीने तो क्रमांक लिहिला. रक्ताच्या अहवालांत हिमोग्लोबिन, रक्तगट, कावीळ ब आणि एचआयव्हीच्या चाचण्या व्यवस्थित होत्या, पण थायरॉइडची चाचणी पुन्हा करायची होती. तो निरोप देण्यासाठी क्लिनिकमधून थेट कार्यालयात फोन गेला, तो सहकाऱ्याने उचलला आणि पलीकडून क्लिनिकचे पूर्ण नाव सांगितले गेले. त्या सहकाऱ्याने ते आजवर कोणाजवळ बोललेले नाही, हा त्याचा चांगुलपणा आहे. क्लिनिकची चूक त्याने पुसली जात नाही. मी दुसऱ्या भेटीत हे सांगितले तेव्हा व्यवस्थापकांनी माफी मागितली. चौथ्या भेटीपर्यंत अर्ज बदललेला होता: कोणत्या क्रमांकावर आणि कोणत्या वेळेत फोन करावा, निरोप दुसऱ्याजवळ ठेवावा का, असे तीन प्रश्न त्यात आले होते. चूक झाल्यावर ती इतक्या लवकर दुरुस्त करणारी जागा विरळ असते, म्हणून मी तिथे जात राहिले.

कागदाचा प्रश्न याहून अवघड होता. उशीर झाला त्या दिवशी मी उपस्थितीचे प्रमाणपत्र मागितले. छापील नमुन्यावर ठळक अक्षरांत ‘प्रसूती व स्त्रीरोग’ असे होते आणि स्वागतकक्षात सांगण्यात आले, की दुसरा नमुना नाही. मी डॉक्टरांना भेटले. त्यांनी स्वतःच्या नावाच्या आणि नोंदणी क्रमांकाच्या कागदावर, ‘वैद्यकीय तपासणीसाठी उपस्थित होत्या’ एवढेच लिहून वेळ टाकली. त्यात खोटे काही नव्हते. आवश्यक त्याहून अधिकही काही नव्हते. असा कागद प्रत्येकीला मागताच मिळायला हवा, त्यासाठी डॉक्टरांच्या दाराशी उभे राहावे लागू नये. मी स्वतः कार्यालयात दातदुखीची किंवा बँकेच्या कामाची सबब सांगितली नाही, ‘वैद्यकीय तपासणी’ एवढेच सांगितले. सांगितलेली सबब पुढे लक्षात ठेवावी लागते, आणि ज्यांना नंतर ही बातमी सांगायची आहे त्यांच्याशी मला खोटे बोलायचे नव्हते.

आईला मधुमेह असल्याने माझी साखरेची चाचणी लवकर करायची ठरली. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी, मग एक आणि दोन तासांनी पुन्हा रक्त, असा तो दोन तासांहून अधिकचा बैठा कार्यक्रम असतो. क्लिनिकने तो साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी ठेवला, हे योग्यच केले.

सर्वांत निराशा केली ती बाराव्या आठवड्यानंतरच्या स्कॅनच्या व्यवस्थेने. बाळाच्या मानेमागील पारदर्शक जागा मोजण्याचा हा स्कॅन ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच, म्हणजे बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच करता येतो. त्यामुळे तारीख पुढे ढकलायला फारशी जागा नसते. तो करणारे तज्ज्ञ दहानंतर येतात, सकाळचे सत्र त्यांना लागू नाही, हे मला आदल्या दिवशी कळले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाळ पोटावर झोपल्यासारखे वळलेले होते, म्हणून मला दोनदा बाहेर फिरून यायला सांगितले. हे कोणाच्याच हातात नसते. पण ‘या तपासणीला पूर्ण दिवस मोकळा ठेवा’ असे एक वाक्य वेळ देतानाच सांगितले असते, तर मी जिन्यात उभी राहून घड्याळाकडे पाहत राहिले नसते. माप शेवटी मिळाले आणि ते चांगले आले.

वैद्यकीय काळजीसाठी पाचपैकी पाच, वेळेसाठी चार, गोपनीयतेसाठी अर्ज बदलल्यानंतर तीन. पुढच्या सोमवारी मी माझ्या वरिष्ठांना सांगितले. सोळाव्या आठवड्याची वेळ घेताना स्वागतकक्षातल्या बाईंनी नेहमीप्रमाणे साडेसात लिहायला घेतले, तेव्हा मी त्यांना अकराची वेळ लिहायला सांगितली.