विश्रामबागेतील भाड्याचा फ्लॅट : एकोणीस महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात सोसायटीने मेंटेनन्स 500 वरून 800 रुपये केल्याची चिठ्ठी दाराखाली सरकवली आणि त्या रागातच हे लिहायला बसलो आहे. फ्लॅट कसा आहे याचे फार वर्णन करत नाही. वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी सकाळी येते. अशा घराची कल्पना सांगलीत भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. जून 2024 मध्ये 7,500 रुपये भाडे आणि 30,000 रुपये डिपॉझिट ठरवून आम्ही येथे आलो.

जागा निवडताना बस हाच मुख्य विचार होता. माझी नोकरी मिरजेत, तर सौभाग्यवतींची शाळा तासगावात, आणि दोघांसाठी दोन गाड्या पोसण्याची ऐपत व इच्छा दोन्ही नाही. सांगली बसस्थानकाच्या जवळपास पाहिलेली पहिली जागा 6,000 रुपयांची, तळमजल्यावरची आणि स्थानकापासून खरोखरच हाकेच्या अंतरावर होती. तथापि भिंतीवर कमरेच्या वर नव्या रंगाखालून एक मातकट रेघ डोकावत होती. "2019 ला पाणी किती आलं होतं?" हा सांगलीत घर पाहताना पहिला विचारायचा प्रश्न आम्ही विचारला, तेव्हा मालकांनी काही न बोलता हात त्या रेघेच्याही वर नेऊन दाखवला. कृष्णा नदीवरील आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते आणि 2021 मध्ये ते पुन्हा शहरात शिरले. दरमहा वाचणारे दीड हजार रुपये एका पुरात गादीसकट वाहून जातील, असा हिशेब करून आम्ही विश्रामबागेकडे वळलो.

सांगली-मिरज रस्त्यावरील शहरी बस हा या जागेचा खरा गुण आहे. एजंटने थांबा चार मिनिटांवर असल्याचे सांगितले होते. घड्याळ लावून मोजले तेव्हा सात मिनिटे लागली आणि पावसात नऊ. मला मिरजेला थेट जाता येते. सौभाग्यवती उलट दिशेने बसस्थानकावर जाऊन तेथून तासगावची एसटी पकडतात, आणि मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्यामुळे जानेवारी 2025 मध्ये झालेली 14.95 टक्क्यांची भाडेवाढ त्यांना निम्मीच सोसावी लागली. संध्याकाळी गर्दी असते, क्वचित बस येतच नाही आणि मग वडापमध्ये, म्हणजे खासगी शेअर गाडीत, मांडीला मांडी लावून बसावे लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती अकरा महिन्यांबद्दल. पहिला करार एजंटने नेहमीच्या नमुन्यावर केला : मुदत 11 महिने, नूतनीकरणाच्या वेळी 10 टक्के वाढ. सही करताना माझे सारे लक्ष त्या 10 टक्क्यांवर होते. वाढ वर्षाने नव्हे तर अकराव्या महिन्यानंतरच येते, हे माझ्या डोक्यात शिरले नाही. एप्रिल 2025 मध्ये 8,250 रुपयांची मागणी आली, तेव्हा मी वीजबिलाच्या पाठीमागे आकडेमोड केली. दर 11 महिन्यांनी 10 टक्के या हिशेबाने पहिल्या 36 महिन्यांत सुमारे 3,03,000 रुपये जातात. तीच 10 टक्के वाढ दर 12 महिन्यांनी आली, तर 2,97,900 रुपये होतात. म्हणजे केवळ मुदतीतला एक महिना कापल्याने पाच हजारांहून अधिक रक्कम खिशातून जाते. वाढ वर्षाला 5 टक्के ठरली, तर एकूण 2,83,725 रुपयेच होतात.

येथे माझीही एक चूक नोंदवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्ये वर्षाला 4 टक्के वाढीची तरतूद आहे, असे ऐकून मी घरमालकांकडे तावातावाने गेलो होतो. ते काका निवृत्त माणूस. त्यांनी शांतपणे चहा दिला आणि ती तरतूद कायद्याच्या अर्थाने भाडेकरू असणाऱ्यांसाठी आहे, आमच्यासारख्या लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीच्या कराराला, ती लागू होत नाही, हे सांगितले. घरी येऊन वाचले, तर त्यांचेच बरोबर निघाले. मात्र त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, व ती जबाबदारी मालकाची असते. "अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हा समज त्यामुळे निराधार ठरतो, आणि मग अकराच महिन्यांचा हट्ट कशासाठी, याचे उत्तर मला दर वेळी नव्याने दलाली मागणाऱ्या एजंटच्या वहीत दिसले.

दुसऱ्या भेटीत मी चढा आवाज न लावता खर्चाचा कागद पुढे ठेवला. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील 10 टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के असते, तर महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. 36 महिन्यांच्या एकाच कराराला ते सारे मिळून पावणेअठराशेच्या आसपास येत होते. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले असते तर त्याच्या दुपटीहून अधिक, शिवाय तीन वेळा दलाली. काकांना हे पटले, कारण निम्मा खर्च ते देतात. 36 महिन्यांचा करार झाला, दर 12 महिन्यांनी 5 टक्के वाढीचा. त्या दिवसापासून या घराविषयीचे माझे मत पुष्कळ सुधारले. केवळ नवा करार जूनऐवजी मेपासून सुरू झाल्याने त्या एका महिन्याचे 375 रुपये जास्तीचे गेले, ते मी अजून विसरलेलो नाही.

आता मेंटेनन्स. करारात भाडेवाढीचा प्रत्येक रुपया लिहून घेतला आणि "मेंटेनन्स सोसायटीच्या आकारणीप्रमाणे वेगळा" या ओळीवर मी डोळे मिटून सही केली. भाडे आणि मेंटेनन्स धरून पूर्वी 8,000 रुपये जात. आता 8,675 जातील, म्हणजे माझी 5 टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात साडेआठ टक्क्यांच्या जवळ पोहोचली. जिन्यातला दिवा दोन महिने बंद आहे, हे वेगळेच. घर पाहणाऱ्यांनी त्या ओळीत आकडा आणि कमाल वाढ दोन्ही लिहून घ्यावीत.

जागा सोडण्याचा विचार नाही. या रस्त्यावर, या भाड्यात आणि पुराच्या रेघेविना दुसरी मिळणार नाही. येत्या मे महिन्यात भाडे 8,268 रुपये 75 पैसे होईल. ते सरळ 8,250 करावे, असे मी काकांना सुचवले आहे. काकांनी "बघू" म्हटले आहे.