२ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, १४ महिने वापरून (मुख्यतः केबलबद्दल)

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तीनचार कंपन्यांच्या डिस्कसोबत हीच केबल येते आणि माझं भांडण त्या केबलशी आहे. बाकी २ टीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये १.८१ दिसते यावरून दुकानदाराशी वाद घालू नका. मी घातलाय. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, चोरी कुणाचीच नाही.

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजचं फुकट प्रकरण संपलं आणि १५ जीबीतच मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं कोंबायची वेळ आली. आपलेच फोटो बघायला भाडं भरायचं हे मला काही पटेना. चालढकल करत दोनेक वर्षं काढली. घरच्या कॉम्प्युटरवर साधारण ४०० जीबी माल, मुलीच्या बारशापासूनचे फोटो, वडिलांच्या निगेटिव्ह स्कॅन केलेल्या, गावच्या जमिनीचे कागद, टॅक्सची रिटर्न्स. लग्नाच्या चार डीव्हीडी होत्या त्यातल्या दोन आता ड्राइव्हमध्ये नुसत्या घरघरतात, तेव्हा डिस्क घेतली.

पहिले सहा महिने झकास. मोठ्या फाइलींना सेकंदाला ११० एमबीच्या आसपास स्पीड, विंडोजची फाइल हिस्टरी (बॅकअपची आपोआप सोय) लावून दिली ती दर तासाला बदललेल्या फाइली आपोआप उचलायची. एकदा हिने सोसायटीच्या हिशोबाच्या एक्सेलवर दुसरंच काहीतरी सेव्ह केलं, तीन आठवड्यांपूर्वीची प्रत दोन मिनिटांत काढून दिली, त्या दिवशी डिस्कचा आणि माझा दोघांचा भाव वधारला. फक्त फाइल हिस्टरी प्रत्येक फाइलच्या नावामागे तारीख, वेळ आणि यूटीसी असं शेपूट लावते, त्यामुळे सरळ फोल्डर उघडून फोटो शोधायचा म्हणजे डोळे जातात. आणि जुन्या प्रती कायम ठेवायच्या असं सेटिंग असतं ते एक वर्षावर आणा, नाहीतर डिस्क भरलीच.

आता केबल. लांबी जेमतेम दीड फूट. आमचा कॅबिनेट टेबलाखाली, मागचा पोर्ट भिंतीकडे, म्हणून पुढच्या पोर्टला लावली तर डिस्क देवळातल्या घंटेसारखी लोंबकळते. शेवटी पाटावर ठेवली, आमच्याकडे आता जेवायला पाट एक कमी आहे. डिस्कच्या बाजूचं ते रुंद, चपटं, मधे खाच असलेलं टोक तर कुणी काढलं देव जाणे, नीट बसलं की नाही कळतच नाही. सातव्या महिन्यात स्पीड ३२ वर आला, तासाभराचं काम साडेतीन तास. मग मधेच टुंग, डिस्क गायब, परत टुंग, आली. एक दिवस विंडोज म्हणतं डिस्क फॉरमॅट करू का, म्हणजे सगळं पुसून टाकू का. मी नको म्हटलं, माझ्या आयुष्यातला सगळ्यात झटपट घेतलेला निर्णय.

सर्व्हिस सेंटरला रिक्षाने गेलो, टोकन घेतलं, दीड तास बसलो. काउंटरवरच्या मुलाने डिस्क हातात घेऊन उलटसुलट केली, कानाला लावली आणि म्हणाला सर बदलून मिळेल, पण डेटा वॉरंटीत येत नाही, रिकव्हरी हवी असेल तर १८ हजारांपासून पुढे. साडेपाच हजारांच्या डिस्कला! घेऊन परत आलो. त्याच संध्याकाळी इथपर्यंतचं सगळं टाइप केलं होतं आणि खाली "कुणीही घेऊ नये" असं लिहून ठेवलं होतं.

ते खोडलंय, आणि सुरुवात नंतर बदललीय. कारण दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, म्हटलं जुनी डिस्क किती जाते बघू. दुकानातल्या पोराने कसल्यातरी जुन्या मोबाईलची केबल काढली आणि त्या रुंद भोकाच्या अर्ध्याच भागात खुपसली. मी ओरडलोच. तो म्हणाला, "काका, थांबा ओ." डिस्क दिसली! त्या टोकाचा मोठा अर्धा भाग म्हणजे आपली जुनी मायक्रो यूएसबीच असते, उरलेल्या छोट्या भागात जास्तीच्या स्पीडच्या पिना. तेवढ्या पिना लागल्या नाहीत की डिस्क मुकाट्याने जुन्या, संथ यूएसबी २ च्या चालीने चालते, माझे ३२ तिथून आलेले. त्याने डिस्कची तब्येत तपासणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून दाखवलं, निळा गुड, खराब सेक्टर शून्य. नवी केबल १५० सांगितली, १३० ला दिली.

म्हणजे १३० रुपयांच्या वस्तूसाठी मी १८ हजारांपर्यंत पोचलो होतो. सर्व्हिस सेंटरवाल्याला दुसरी केबल लावून बघायला काय झालं होतं? आणि मलाही घरी, ड्रॉवरमध्ये तसल्या सहा केबली पडल्यात.

घरी आल्यावर आणखी एक कळलं. डिस्क दिसत नव्हती त्या काळात फाइल हिस्टरीने काहीही आरडाओरडा केलेला नाही, शेवटचा बॅकअप ४७ दिवसांपूर्वीचा. आता दर रविवारी चहा पिताना ती तारीख बघतो.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर असा नियम सांगतात तो मला श्रीमंती थाट वाटायचा. २०१९ च्या महापुरात सांगलीला ताईच्या तळमजल्यातले अल्बम एकमेकांना चिकटून लगदा झाले ते मी पाहिलंय, तरी अक्कल आली नव्हती. आता एक स्वस्तातली १ टीबी घेऊन त्यावर सगळं कॉपी करून ताईकडेच ठेवायला देतोय, ती आता तिसऱ्या मजल्यावर राहते.

डिस्कला चार तारे, केबलला द्यायची सोय नाही. हे लिहितोय तेव्हा ताईची कॉपी चालू आहे, २ तास ४० मिनिटं बाकी दाखवतंय, आणि पाटाच्या आसपास कुणी फिरकू नये असं घरात सांगून ठेवलंय.