पुढचे ब्रेक पॅड घरी बदलणार असाल, तर नुसते पॅड नकोत. क्लिपांसकट संच घ्या

पुढच्या ब्रेकचे पॅड बाजारात दोन तऱ्हेने मिळतात. एका खोक्यात नुसते चार पॅड असतात. दुसऱ्यात त्याच चार पॅडांसोबत पॅडच्या टोकांखाली बसणाऱ्या स्टीलच्या नव्या क्लिपा असतात, पॅडच्या पाठीला शिम (आवाज दाबणारे पातळ पत्रे) बसवलेले असतात, आणि काही संचांत गाइड पिनचे रबरी बूट व ग्रीसची पुडीही येते. रोज ब्रेक उघडणाऱ्या मेकॅनिकचं पहिल्या खोक्यावर भागतं. क्लिपांचा साठा त्याच्या हाताशी असतो, आणि जुनी क्लिप ठेवायची की फेकायची हे त्याला बोटांनी कळतं. घरी काम करणाऱ्याने मात्र दुसराच संच घ्यावा. मटेरियलच्या चर्चेत लोक जेवढा वेळ घालवतात त्याच्या निम्मा जरी क्लिपांकडे दिला, तरी ब्रेकच्या बऱ्याच तक्रारी मुळात उभ्याच राहणार नाहीत.

कारण पॅडची जागा समजून घेतली की कळतं. बहुतेक गाड्यांना पुढे सरकता कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, असतो. पिस्टन एकाच बाजूला, आतून. पिस्टन आतला पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो, त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला लावतो. पेडल सोडलं की पॅड मागे खेचायला सहसा वेगळी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबरी सील दाबाखाली किंचित पिळलेलं असतं, ते पूर्वस्थितीला येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. एवढ्याच सैलपणावर पॅड मोकळा व्हायचा असतो. म्हणजे पॅडचे दोन्ही कान (बाहेर आलेली टोकं) ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत अडखळले, की पॅड डिस्कला घासतच राहतो. तो तापतो, लवकर झिजतो, मायलेज खातो.

अडखळण्याचं नेहमीचं कारण क्लिपेखालचा गंज. ब्रॅकेट बिडाचा असतो, गंज चढला की फुगतो आणि पातळ स्टीलच्या क्लिपेला खालून वर उचलतो. खाच अर्धा मिलिमीटरने जरी अरुंद झाली तरी नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसलेला पॅड परत सुटत नाही. म्हणून जुनी क्लिप काढा, खालची जागा तारेच्या ब्रशने आणि कानशीने धातू चमकेपर्यंत साफ करा, मगच नवी क्लिप लावा. हे काम जुनी क्लिप ठेवून होत नाही, कारण काढताना ती बहुधा वाकतेच. संचात क्लिपा असण्याचा खरा फायदा हाच.

आता खोक्यात काय बघायचं. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर एक लांब कोड छापलेला असतो. त्यातली दोन अक्षरं घर्षणाची श्रेणी सांगतात: पहिलं साधारण तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफएफ’ हे रोजच्या गाडीला उत्तम. ‘एफई’ असेल तर तापल्यावर पकड कमी होते, लांब उतारावर ते जाणवेल. पाठीवर वर्तुळातलं ‘ई’ आणि ‘९०आर’ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर तो पॅड युरोपच्या आर-९० नियमाखाली तपासलेला आहे. मूळ पॅडच्या कामगिरीपासून पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक या नियमाला चालत नाही. दोन्हींपैकी एकही छाप नसलेला पॅड कितीही देखणा असला तरी दुकानातच ठेवा.

मटेरियलबद्दल थोडक्यात. ऑरगॅनिक पॅड मऊ आणि शांत असतात, डिस्कला जपतात, पण लवकर झिजतात आणि उष्णता फारशी सोसत नाहीत. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा भाग मोठा, पकड दमदार, उष्णता सहन करतात. बदल्यात काळी धूळ, थोडा आवाज आणि डिस्कची जास्त झीज. सिरॅमिक शांत, धूळ फिकट आणि कमी, टिकतात भरपूर. शहरात चालणाऱ्या हलक्या गाडीला सिरॅमिक सुखाचा. गाडी भरून नेणं, ट्रेलर ओढणं, सतत डोंगरउतार असं काम असेल तर सेमी-मेटॅलिक घ्या. शंका असेल तर कंपनीतून गाडीला जे मटेरियल आलं होतं तेच परत.

संच उघडल्यावर गाडीला हात लावण्याआधी चारही पॅड टेबलावर मांडा. आतले आणि बाहेरचे पॅड सारखे नसतात. झीज कळवणारी पत्र्याची जीभ सहसा आतल्या पॅडला असते, आणि डावी-उजवी वेगळी असू शकते. मटेरियल दोनेक मिलिमीटर उरलं की ही जीभ डिस्कला लागून किंचाळते. ती कुठल्या टोकाला यायची हे जुना पॅड काढताना फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत जिभेऐवजी तारेचा सेन्सर असतो. तो एकदा घासला गेला की नवाच घालावा लागतो, आणि बहुतेक संचांत तो नसतो. वेगळा मागवा.

हत्यारांत चाकाचा पाना, जॅक आणि त्यासोबत जॅक स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात चाकाच्या कमानीत घालू नका, हे निक्षून सांगतो. शिवाय १२, १३, १४ मिलिमीटरचे सॉकेट (काही गाड्यांत ७ मिलिमीटरची ॲलन की), पिन धरायला एक पातळ पाना, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा मोठा डबा, १५० मिलिमीटरचा सी-क्लॅम्प आणि कॅलिपर टांगायला तारेचा हुक. पिस्टन दाबायचं खास हत्यार एकाच पिस्टनच्या कॅलिपरला लागत नाही. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पने हळू दाबलं की काम होतं. दोन पिस्टन शेजारी असतील तर मात्र दोन्ही एकदम दाबणारं पट्टीचं हत्यार घ्याच, नाहीतर एक आत जाताना दुसरा बाहेर येतो.

चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, गाडी उचला, चाक काढा आणि स्टिअरिंग असं वळवून ठेवा, की कॅलिपरची पाठ समोर येईल. खालचा पिन-बोल्ट काढला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वर उघडतो; नसेल तर दोन्ही काढून कॅलिपर हुकने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबू देऊ नका, आतला थर फाटला तर बाहेरून दिसत नाही. धूळ हवेने उडवू नका. क्लीनरने ओली करून पुसा, ती फुप्फुसात जायची चीज नाही.

पिस्टन दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघा. पॅड झिजताना पातळी आपोआप उतरते. मध्ये कुणी ऑइल भरलं असेल तर पिस्टन आत जाताना ते उतू येतं आणि रंग खातं. वरचं थोडं सिरिंजने काढून घ्या. पिस्टन सावकाश, सरळ दाबा. आत जाताना तो अडला, बूट फाटलेला दिसला किंवा कडेला ओल असली, तर इथेच थांबा. आता प्रश्न पॅडचा राहिला नाही, कॅलिपर दुरुस्त करायला हवा.

जुने पॅड फेकण्याआधी मोजा. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असतं, ३ मिलिमीटरला बदलायचं. आतला खूप झिजलेला आणि बाहेरचा जाडच असेल, तर पिन अडकल्या असण्याची शक्यता मोठी, पिस्टनही मागे जात नसेल. एकच पॅड तिरपा झिजला असेल तर एक पिन किंवा एक कान अडकलेला. डावीकडचे आणि उजवीकडचे पॅड वेगळे झिजले असतील तर होज आतून सुजलाय का तेही तपासा. नवे पॅड यांतलं काहीच बरं करत नाहीत, म्हणून दोन्ही पिन बाहेर काढून पुसणं हा कामाचाच भाग धरा. ब्रॅकेटच्या भोकातलं जुनं ग्रीसही पुसून काढा.

ग्रीसबाबत संचांची बाजू लंगडी आहे. पुडीवर बरेचदा नावच नसतं आणि ग्रीस पुरतं एका बाजूला. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस वेगळं घ्या. साधं पेट्रोलियम ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि पिन जाम करतं. पिनवर पातळ थर द्या. भोक ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी बुश असतं का बघा. असेल तर ती मूळ जागीच गेली पाहिजे. पॅडच्या कानांना आणि पाठीवर पिस्टन टेकतो तिथे ब्रेकचं उष्णतारोधक ग्रीस अगदी निसटतं लावा. घासणाऱ्या पृष्ठभागाला किंवा डिस्कला ग्रीसचा डाग लागला तर क्लीनरने लगेच धुवा. मटेरियलमध्ये मुरलं तर पॅड बाद.

पॅड क्लिपेत बोटाने ढकलून सरकला पाहिजे. इथे बऱ्याच संचांची दुसरी खोट दिसते: कानांवर रंगाचा थर जाड असतो. कानशीने फक्त रंग उतरवा, धातू नाही. धातू कमी झाला तर पॅड खाचेत खडखडतो आणि ब्रेक लावताना टक्क असा आवाज येतो. चिकटवलेले शिम कोपऱ्यातून उचललेले असतील तर तो संच परत करा, कारण गरम झाल्यावर ते सरकतात आणि पॅड ओरडतो. क्लिपांवर वर-खाली किंवा डावी-उजवी अशी खूण नसणं हीही नेहमीची गैरसोय. म्हणून एका वेळी एकच चाक उघडा, दुसरं नमुन्यासाठी तसंच ठेवा. बदलायचे मात्र दोन्ही बाजूंचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा, त्याखाली असेल तर डिस्क बदला. पेडल थरथरतं म्हणून लोक पॅडला दोष देतात, पण बहुधा डिस्कची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते किंवा हबवरच्या (डिस्क जिथे बसते त्या भागावरच्या) गंजामुळे डिस्क किंचित वाकडी बसलेली असते. डिस्क काढलीच तर हब घासून घ्या. नव्या डिस्कवरचं तेल क्लीनरने धुवा.

घट्ट करताना आकडे गाडीच्या पुस्तकातले घ्या. अंदाज म्हणून, पिनचे बोल्ट बरेचदा २५ ते ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, चाकाचे नट ९० ते १२०. पिनचे बोल्ट हाताच्या जोरावर आवळले की आटे जातात. ज्या बोल्टवर कंपनीने थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावलं आहे तो नवा घ्या किंवा थ्रेडलॉक परत लावा. होजला पीळ बसलेला नाही ना, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत हळूहळू दाबा. पिस्टन आत दाबलेला असल्याने पहिलं पेडल थेट तळाला जातं. तेव्हा गाडी रस्त्यावर असेल तर ती थांबणार नाही. मग ऑइलची पातळी बघून झाकण लावा. ऑइल टाकीवर लिहिलेल्याच प्रतीचं. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलची, पाणी ओढणारी. डॉट ५ सिलिकॉनचं, ते त्यांत मिसळायचं नाही. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर पॅडसोबत तेही बदला.

नवा पॅड पहिल्याच दिवशी पूर्ण पकड देत नाही, त्याचा पातळ थर डिस्कवर बसावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, मग अर्धा मिनिट चालवून थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबू नका. तापलेला पॅड एका जागी टेकून राहिला तर डिस्कवर डाग उमटतो आणि पुढे तोच पेडलला थरथर देतो. कंपनीने पत्रक दिलं असेल तर त्यातली पद्धत आधी. नंतर चाकाजवळ हात नेऊन बघा: दोन्ही बाजू साधारण सारख्या गरम हव्यात. एकच जास्त तापली असेल तर त्या बाजूचा पॅड किंवा पिन अजून मोकळी नाही, कॅलिपर परत उघडा.

शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, ऑइलची पातळी बघा आणि चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड डिस्कवर सगळीकडे सारखा टेकतोय का ते टॉर्चने पाहा.