लॉज आधी उघडावं का पार्क? २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर दोन्हीचा जोडीनं हिशोब

कोरोनाच्या बंदनंतर २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यानं अम्युझमेंट पार्कातल्या ड्राय राईड्सला परवानगी दिली, पाण्याच्या राईड्स तेव्हा बंदच राहिल्या, अन् हॉटेलं रात्री १२ पर्यंत चालू ठेवता येऊ लागली. तेव्हापासून औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), जालना, बीडकडच्या ओळखीच्या लोकांचे सारखे फोन चालू झाले, की बाबा पैसा एकाच ठिकाणी लावता येतो, तर दिवाळीला लॉज सुरू करू का पार्क. काहींचं तर दोन्ही एकाच आवारात आहे, पुढं दहा-बारा खोल्या अन् मागं पाळणे. मी वेरूळ रोडला लॉज चालवतो अन् माझा मावसभाऊ एका पार्कवर मेंटेनन्स बघतो, त्यामुळं दोन्हीकडचं जवळून बघायला मिळतं. माझं मत लॉजच्या बाजूनं आहे हे आधीच सांगून टाकतो, पण त्याचं कारण बहुतेक लोक धरतात त्यापेक्षा वेगळं आहे.

लोक म्हणतात बंद खोलीत कोरोनाचा धोका, मोकळ्या मैदानात काही होत नाही. हवेपुरतं बघितलं तर ते बरोबरच आहे, हा आजार श्वासातून अन् बोलण्यातून हवेत पसरतो अन् मोकळ्यात ती हवा लगेच पांगते. पण पार्कात माणूस राईडवर किती वेळ असतो? दोन-तीन मिनिटं. बाकीचा वेळ लाईनीत, तिकिटाच्या खिडकीपाशी, वडापावच्या स्टॉलवर अन् लॉकरच्या खोलीत जातो. कोलंबसची, म्हणजे त्या झुलणाऱ्या जहाजाची लाईन कधी नीट बघा. वर पत्र्याचं शेड, खाली लोखंडी पाईपांची नागमोडी रांग, अन् दोन पाईपांमध्ये एक माणूस जेमतेम मावतो. आपण जमिनीवर सहा-सहा फुटांवर पिवळे गोल काढतो, म्हणजे पुढच्या-मागच्यात अंतर पडतं, पण वळून आलेल्या शेजारच्या रांगेतला माणूस हातभर लांब असतो अन् त्याचं तोंड बरोबर आपल्याकडं असतं. म्हणून गोल काढून काम झालं असं समजू नका, एकाआड एक रांग दोरी बांधून बंदच करा, नाहीतर सरळ टोकन द्या अन् नंबर आला की माइकवरून बोलवा, तोवर लोकांना झाडाखाली बसू द्या.

दुसरी गोष्ट ओरडण्याची. जपानमधल्या पार्कांनी २०२० मध्ये पुन्हा उघडताना गाईडलाईनमध्येच टाकलं होतं की रोलर कोस्टरवर ओरडू नका, कारण जोरात ओरडलं की तोंडातून जास्त कण बाहेर पडतात. तिथं लोकांनी ते बऱ्यापैकी पाळलं म्हणे, आपल्याकडं टोराटोरा या गरगर फिरणाऱ्या राईडवर बसलेल्या लेकरांना गप बसा म्हणून कोण सांगणार अन् ती कशी ऐकणार, लेकरं ओरडायलाच तर येतात. त्यामुळं मास्क राईडवर सुद्धा कंपल्सरी अन् तोही नाकावर, अन् सीट एकाआड एक. रेन डान्स, डीजे हे प्रकार परवानगी आली तरी त्या वर्षी करू नयेत असं माझं स्पष्ट मत होतं.

आता लॉज. खोली बंद असते हे खरं, पण त्या खोलीत एकच कुटुंब असतं, जे घरीही एकत्रच राहतं. रजिस्टरला नाव, गाव, आधार, मोबाईल सगळं आधीपासूनच लिहिलेलं असतं, उद्या कोणी पॉझिटिव्ह निघालं तर कोणाकोणाला फोन करायचा ते अर्ध्या तासात समजतं. पार्कात तिकीट फाडलं की माणूस गर्दीत गेला, तो कोणाशेजारी बसला ते देवालाच माहीत. माझ्या मते सगळा फरक इथंच आहे, की माणसं कुठं कुठं जातायत अन् कोणाला भेटतायत यावर तुमचा ताबा किती राहतो. लॉजवर तो राहतो, पार्कात फार थोडा राहतो.

अन् येणारं गिऱ्हाईक कोण आहे तेही बघा ना. २१ ऑक्टोबर २०२१ ला देशात लसीचे १०० कोटी डोस पूर्ण झाले, मोठी गोष्ट होती, पण १८ च्या खालच्यांना तेव्हा लस चालूच झालेली नव्हती अन् पार्कात निम्मी गर्दी त्यांचीच. लेकरांना स्वतःला सहसा कमी त्रास होतो पण ती संध्याकाळी घरी जाऊन आजी-आजोबांच्या मांडीवर बसतात, अन् आजीचा दुसरा डोस तेव्हा राहिलेला असायचा. लॉजवर येणाऱ्या मोठ्या माणसाला तेव्हा लसीचं सर्टिफिकेट मागता येत होतं, बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सअपवर मागवून घेता येत होतं.

लॉजचा खरा धोका खोलीत नाही, रिसेप्शन अन् जेवणाच्या हॉलमध्ये आहे, तिथं अनोळखी माणसं मास्क काढून एका छताखाली बसतात. हॉलची ५० टक्क्यांची अट तेव्हा होतीच, पण मी म्हणतो हॉल बंद ठेवा अन् बाहेर मांडव टाकून टेबलं लावा, दिवाळीत थंडीला सुरुवात होते, रात्रीची हवा चांगली असते, लोकांना आवडतंच. एसीचं म्हणाल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जून २०२० च्या हॉटेलांसाठीच्या नियमात तापमान २४ ते ३० अन् आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवा, ताजी हवा येऊ द्या असं होतं. पण आपल्याकडं बसवलेला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा परत परत फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. याउलट खिडकीत बसवलेला आपला साधा कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, समोरची खिडकी उघडी ठेवली की आतली हवा बाहेर जाते. म्हणून ज्यांच्याकडं कूलरच्या खोल्या आहेत त्यांनी कमीपणा मानायचं काही कारण नाही, कोरोनाच्या दिवसांत त्याच खोल्या चांगल्या. बाथरूमचा एक्झॉस्ट दिवसभर चालू ठेवायचा, अन् एक पाव्हणा गेल्यावर खिडक्या सताड उघडून खोली निवांत हवेशीर होऊ द्यायची, लगेच दुसऱ्याला चावी द्यायची नाही.

एक गोष्ट मात्र लॉजवाले हमखास विसरतात, ती म्हणजे साचलेलं पाणी. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या खोल्यांच्या पाईपात, गीझरात, गच्चीवरच्या सोलारमध्ये पाणी साचून कोमट राहतं अन् त्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात गेला की न्यूमोनिया होतो. कोरोनाचा यात काही संबंध नाही, पण ताप-खोकला आला की लोक कोरोनाच समजणार अन् नाव तुमच्या लॉजचं जाणार. गीझर ६० डिग्रीपर्यंत तापू द्या, प्रत्येक नळ अन् शॉवर चांगला वेळ वाहू द्या, शॉवरचं डोकं खोलून क्षार घासून काढा (आपल्या बोअरच्या पाण्यानं ते पांढरं दगडासारखं झालेलं असतं), टाक्या धुऊन क्लोरीन टाका. हे करताना स्वतः मास्क लावा अन् तुषार उडतायत तिथून लांब उभे राहा. पाणी वाया जातं म्हणून जीव तुटतो हे मला माहितीय, टँकरवर दिवस काढलेली माणसं आपण, ते पाणी पाईप लावून झाडांना सोडा.

पार्कच्या पाण्याचं लांबवत नाही, वॉटर राईड्सला तेव्हा परवानगीच नव्हती. उघडाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की पाण्यात क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग) असलं की पाण्यातून कोरोना पसरायची भीती जवळजवळ नसते, पण आपल्या उन्हात क्लोरीन भराभर उडतं, सकाळी एकदा टाकून भागत नाही. अन् भाड्यानं द्यायचे कॉस्च्युम बदलायची ती कोंदट खोली हीच खरी अडचण राहणार आहे.

मशीनकडं या. दीड वर्ष उभी राहिलेली राईड अन् त्यात सप्टेंबर २०२१ चा पाऊस, मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. बेअरिंग गंजलेलं, वायर रोपचे तंतू सुटलेले, पॅनलमध्ये गांधीलमाशीचं पोळं, केबल उंदरानं कुरतडलेली, हे सगळं मावसभावानं एकाच पार्कात बघितलंय. आधी माणसांच्या वजनाएवढ्या वाळूच्या गोण्या बांधून चालवायची, एकदा नाही, दिवसभर, अन् जाणकार इंजिनिअरनं सही केल्याशिवाय लेकरू बसवायचं नाही. कोरोनाचे नियम पाळण्याच्या गडबडीत हे मागं पडू नये, पाळण्याचा बोल्ट तुटला तर सॅनिटायझर काय कामाचं.

खर्चाचं गणितही लॉजच्याच बाजूनं आहे. लॉज खोलीखोलीनं उघडता येतं, २० पैकी ७ खोल्या चालू केल्या तर चादरी, लाईट, माणसं सगळं त्या हिशोबात कमी लागतं. कोलंबसमध्ये १५ बसवा नाहीतर ४० बसवा, मोटार जवळपास तेवढीच वीज खाते अन् ऑपरेटर तेवढेच लागतात, म्हणजे निम्मी गर्दी ठेवली की पार्क लगेच तोट्यात, अन् मग मालक हळूच गर्दी वाढवतो. मोठ्यांनी पण क्रम असाच ठेवला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डनं २२ जून २०२० ला आधी मुक्कामाची काही रिसॉर्ट उघडली अन् पार्क ११ जुलैपासून. शांघायच्या डिस्नीलँडनं ११ मे २०२० ला पार्क उघडलं ते ३० टक्क्यांच्या सरकारी मर्यादेत, आधी बुक केलेल्या तिकिटावर. हाँगकाँगचं डिस्नीलँड बघा, १८ जून २०२० ला उघडलं, १५ जुलैला बंद, २५ सप्टेंबरला परत उघडलं, २ डिसेंबरला परत बंद, मग थेट फेब्रुवारी २०२१. त्यांना हे झेपतं, आपल्याला एका उघड-बंदमध्येच कर्ज होतं. अजिंठा-वेरूळ तरी काय, मार्च २०२० ला बंद, १० डिसेंबरला उघडलं, एप्रिल २०२१ ला परत कुलूप, जूनमध्ये परत चालू. लॉजला कुलूप लावणं त्यातल्या त्यात सोपं, पार्कला प्रत्येक वेळी सगळ्या मशीनची नव्यानं तपासणी आली.

काम करणाऱ्या पोरांचं दोन्हीकडं सारखंच, अन् इथंच जास्त घसरतं. गेस्टची खोली चकाचक अन् पोरं मात्र एका शेडमध्ये दाटीवाटीनं झोपलेली, एका ताटात जेवणारी. लसीचे दोन डोस अन् वर १४ दिवस झालेले पाहिजेत ही अट हॉटेलांना ऑगस्ट २०२१ पासून होतीच, पण त्यांच्या झोपायची सोयही बघा, दोन पाळ्या पाडा, अन् ताप आला तर पगार न कापता सुट्टी द्या. पगार कापला की पोरगं क्रोसिन खाऊन कामावर येतं, काहून येतं ते आपल्याला चांगलं माहितीय. लॉजला पाच-सहा कायमची माणसं असतात, त्यांचं करता येतं. पार्कात सीझनपुरती आणलेली वीस-पंचवीस, रोज नवीन चेहरा, तिथं जड जातं.

पैसा कुठं घालू नका तेही सांगतो. सॅनिटायझरची कमान नको, माणसांवर फवारा मारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलंय, त्यानं डोळे अन् कातडी जळते. रोज बाकडी-भिंतींवर फॉगिंगचा पण उपयोग कमी, वस्तूला हात लावून लागण व्हायची शक्यता अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं दहा हजारांत एकापेक्षा कमी सांगितलीय, हात धुवायला साबण-पाणी ठेवा, बास. थर्मल गन ठेवायचीच असेल तर ठेवा, पण आपल्या उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलंच असतं अन् लक्षण नसलेला तसाच आत जातो. तोच पैसा एक्झॉस्ट फॅन अन् खिडक्यांच्या जाळ्यांत घाला, जाळी असली की डासांच्या भीतीनं खिडकी कोणी लावत नाही.

वेरूळकडच्या लॉजवाल्यांसाठी एक, सोमवारी अजिंठा बंद अन् मंगळवारी वेरूळ बंद, त्यामुळं सोमवारी वेरूळला गर्दी वाढते, वर ७ ऑक्टोबर २०२१ ला मंदिरं उघडली तेव्हापासून घृष्णेश्वराची गर्दी आहेच. रविवार-सोमवारचं बुकिंग मुद्दाम कमी घ्या.

पार्क आधी उघडावं अशी एकच परिस्थिती मला दिसते. तुमच्याकडं मशीन कमी अन् जागा मोप असेल, झाडं, झोके, बैलगाडी, ज्वारीचं रान असेल, तर राईड्सना हातच लावू नका, डिसेंबर-जानेवारीच्या हुरड्याची तयारी करा. एका कुटुंबाला एक आगटी (हुरडा भाजायची शेकोटी), दोन आगट्यांमध्ये चांगलं अंतर, आधी फोन करून येणारी मोजकी माणसं, सगळं उघड्यावर. लॉज अन् पार्क दोन्हीतलं चांगलं तेवढं यात येतं अन् खर्च सगळ्यात कमी.

बुकिंग काहीही घ्या, ॲडव्हान्स थोडाच घ्या अन् तो वेगळा बाजूला ठेवा. कोणाच्या घरी ताप निघाला तर पूर्ण पैसे परत मिळतील हे फोनवरच सांगून टाका, नाहीतर पैसे बुडतील म्हणून लोक ताप लपवून येतात.