माझगावची पाणबुडी आयातीत कशी? सिप्रीच्या डेटाबेसविषयी

संरक्षण धोरणाचे विश्लेषण म्हणजे नकाशे, गोपनीय कागद आणि वाहिन्यांवरील चर्चा, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात या कामातला मोठा वेळ सर्वांना खुले असलेले तक्ते वाचण्यात आणि एका तक्त्यातला आकडा दुसऱ्या तक्त्याशी का जुळत नाही हे शोधण्यात जातो. यासाठी जगभरचे विश्लेषक जी साधने सर्रास वापरतात, त्यांत स्टॉकहोम आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्थेच्या, म्हणजे सिप्रीच्या, डेटाबेसांचे स्थान फार वरचे आहे. स्वीडनने दीडशे वर्षे युद्धाविना काढल्याच्या स्मरणार्थ १९६६ साली ही संस्था स्थापन झाली. तिचा शस्त्रव्यवहारांचा डेटाबेस १९५० पासूनची माहिती देतो, त्यासाठी पैसे किंवा नोंदणी लागत नाही आणि दर वर्षी मार्चमध्ये तो अद्ययावत होतो. पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागासारख्या ठिकाणी शिकून या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तो वापरावा की नाही, हा प्रश्नच उरत नाही. तो वाचावा कसा, हे मात्र नीट समजून घ्यावे लागते.

या डेटाबेसचा उत्तम भाग म्हणजे व्यवहारांची नोंदवही. खरेदीदार आणि पुरवठादार देश निवडले की शस्त्राचे नाव, मागणीचे वर्ष, मागवलेली व मिळालेली संख्या आणि शेवटी एक छोटा शेरा, अशा ओळी समोर येतात. संख्या किंवा वर्ष अंदाजाने लिहिले असेल, तर तशी खूण केलेली असते. हा प्रामाणिकपणा अनेक सरकारी कागदांतही आढळत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना झालेला ३६ राफेल विमानांचा करार येथे एका ओळीत मावतो. नवख्या वाचकाने आधी शेऱ्याचा रकाना वाचावा असे मी सुचवीन, कारण बहुतेक गैरसमज तिथेच दूर होतात.

एक उदाहरण मुंबईचेच आहे. २००५ च्या करारानुसार सहा स्कॉर्पीन पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. त्यांतली पहिली, कलवरी, डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी, वागशीर, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. सिप्रीच्या हिशेबात मात्र त्या फ्रान्सकडून झालेली आयात आहेत, कारण परवान्याखाली झालेले उत्पादनही ती संस्था हस्तांतरणच मानते. गोदीतल्या कामगाराला हे खटकेल. तरीही आराखडा आणि मुख्य यंत्रणा परक्या असतील तर अवलंबित्व संपत नाही, हा सिप्रीचा तर्क मला पटतो. माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीवर आहे. देशी सुट्या भागांचे प्रमाण पहिल्या पाणबुडीपासून सहाव्यापर्यंत किती बदलले, हे या तक्त्यावरून कळत नाही आणि धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न नेमका तोच असतो.

दुसरा खड्डा टीआयव्ही (ट्रेंड इंडिकेटर व्हॅल्यू, म्हणजे कल दाखवणारे मूल्य) नावाच्या एककाचा. सिप्री व्यवहाराची किंमत मोजत नाही, तर पोहोचलेल्या लष्करी क्षमतेला ठरावीक गुण देते. वापरलेल्या शस्त्राला नव्याच्या ४० टक्के आणि मोठी दुरुस्ती करून दिलेल्याला ६६ टक्के गुण मिळतात. रशियाकडून घेतलेल्या विक्रमादित्य या विमानवाहू नौकेच्या दुरुस्तीचा खर्च २००४ मधील सुमारे ९७ कोटी डॉलरवरून पुढे सुमारे २३० कोटींवर गेला, परंतु अशा भाववाढीने टीआयव्ही तसूभरही हलत नाही. त्यामुळे भारताच्या आयातीतला रशियाचा वाटा २०१०–१४ मधील ७२ टक्क्यांवरून २०१५–१९ मध्ये ५५ आणि २०२०–२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला, हे विधान बरोबर आहे. पण भारताने खर्च केलेल्या पैशांपैकी ३६ टक्के रशियाला मिळाले, असा त्याचा अर्थ लावणे साफ चूक आहे. बातम्यांमध्ये ही चूक दर वर्षी वसंतात आंब्याच्या मोहोराइतक्या नेमाने येते. पाच-पाच वर्षांचे गट करण्यामागेही कारण आहे. एखाद्या वर्षी मोठी खेप पोहोचली की तेवढ्याच वर्षाचा आकडा फुगतो. शिवाय बंदुकांसारखी छोटी शस्त्रे यात धरलीच जात नाहीत, म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेकडून मागवलेल्या ७२,४०० रायफली येथे शोधू नयेत.

एप्रिलमध्ये येणारा लष्करी खर्चाचा डेटाबेस हाताळायला सोपा, म्हणूनच अधिक फसवा आहे. त्यात २०२४ साठी भारताचा खर्च ८६.१ अब्ज डॉलर दाखवला आहे. २०२४–२५ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६.२२ लाख कोटी रुपये मिळाले होते. डॉलर ८४ रुपयांचा धरला तर ते साधारण ७४ अब्ज होतात. उरलेल्या फरकाचा मोठा भाग गृह मंत्रालयाच्या हिशेबात सापडतो, कारण सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारख्या निमलष्करी दलांचा खर्चही सिप्री धरते, आणि अण्वस्त्रांवरील खर्च मात्र धरत नाही. हे सारे तळटिपेत लिहिलेले आहे. तळटीप न वाचता भारत आणि चीन यांची तुलना करणाऱ्याचा लेख मी पुढे वाचत नाही. चीनचा ३१४ अब्ज डॉलर हा आकडाही सिप्रीचा अंदाज आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

केवळ सिप्रीवर विसंबून मात्र या व्यवसायात निभाव लागत नाही. सोबत संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या (अर्थसंकल्पातील खर्चाचे तपशीलवार प्रस्ताव), संसदीय स्थायी समितीचे अहवाल आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल ठेवावे लागतात. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नोव्हेंबर १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या आणि आता पर्रीकरांचे नाव धारण करणाऱ्या संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेच्या संकेतस्थळावरील लेखही हाताशी असावेत. सुरुवात करणाऱ्याने नोंदवहीतून भारत आणि फ्रान्स ही जोडी निवडून तक्ता उतरवून घ्यावा आणि प्रत्येक ओळीपुढे ती वस्तू तयार मिळाली की इथे बांधली गेली, हे स्वतःच्या हाताने लिहावे. एक दुपार त्यात सहज जाते.