वायफायचा मिनी यूपीएस, पाच वर्षं वापरून मग लिहितोय

मार्च २०२०ला लॅपटॉप घेऊन घरी आलो ते पंधरा दिवसांसाठी म्हणून, पुढे दोन वर्षं डायनिंग टेबल हेच ऑफिस. पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या मेंटेनन्सचा वार, पण आधी आपण दिवसभर हिंजवडीत असायचो त्यामुळे सकाळी गेलेली लाईट दुपारी चारला येते हे आईलाच माहिती. लॅपटॉप तीन तास तग धरतो हो, राऊटर मात्र लगेच झोपतो, मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन लावायचं आणि आख्खी सोसायटी त्याच टॉवरवर, कॉलवर माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई-ठाण्याची ग्रीड बसली, टीममधले तिकडचे सगळे एकदम गायब झाले, त्याच रात्री मी हा मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर राऊटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी, मागवला.

साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, आत लिथियमचे सेल. भिंतीतला अडॅप्टर ह्यात, ह्याची पिन राऊटरला, झालं. लाईट गेलेली राऊटरला कळतही नाही. फक्त घेण्याआधी अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय का बघा, ९ वाल्याला १२ लावू नका. आणि फायबरचा डबा वेगळा, वायफायचा वेगळा असेल तर दोघांनाही बॅकअप पाहिजे! मी एकालाच लावून मॅनेजरला ऐटीत "बॅकअप आहे सर" सांगितलं, पुढच्या गुरुवारी वायफायच्या दांड्या फुल्ल आणि नेट शून्य. मग दोन पिनांची वायर आणली. तरी मधेच नेट जायचं, शोधलं तर केबलवाल्याचा जिन्यातला स्विच, म्हणजे घरोघरी नेट वाटणारा डबा, लाईटीवर, त्याला हा बिचारा काय करणार.

गरम होतो पण. आईने टीव्हीखाली शोभेसाठी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, हात लावला तर इस्त्री. मोकळ्यावरच ठेवा. नवीन असताना चार तास आरामात, आता पाऊण तास, सेल दमलेत. कंपनीने खुर्चीचे पैसे दिले, ह्याचं बिल "पॉलिसीत बसत नाही" म्हणून परत आलं, असो.

आता हायब्रिड आहे, तीन दिवस ऑफिस, त्यात गुरुवार मी आपणहून मागून घेतला, एसी तरी मिळतो. घरी त्या पाऊण तासात आईची फोनवरची सिरियल होते. चार स्टार, एक कापला कारण दोन पिनांची वायर बॉक्समध्ये द्यायला काय जातं ह्यांचं.