पोरांच्या हातात चावी द्यायच्या आधी हे वर्कशॉप करून घ्या (पुणे, रविवारची बॅच)

माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावीला, आणि क्लासला जायला ॲक्टिव्हा दे म्हणून रोज मागे लागायचा, आई सगळे आणतात गं, मीच एकटा रिक्षाने येतो. खरं सांगते, दोनतीन वेळा मी दिलीसुद्धा, इथेच तर जायचंय म्हणून. मग आमच्या भागातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलने कॉलेजच्या मुलांसाठी चार रविवारचं टू-व्हीलर सेफ्टीचं वर्कशॉप ठेवलंय असं सोसायटीच्या ग्रुपवर कळलं, फी १८०० रुपये, आणि मी त्याचं नाव घातलं.

मला वाटलेलं ॲक्सिडेंटचे भयानक व्हिडिओ दाखवतील आणि पोरं घाबरून चार दिवस गप्प बसतील. तसलं काहीच नाही. पहिल्याच रविवारी सरांनी मैदानावर एक रेघ मारली आणि म्हणाले मी चाळीसने येणार आणि या रेघेवर पोचलो की हा मुलगा शिट्टी वाजवणार, मग मी ब्रेक मारणार, गाडी कुठे थांबेल तिथे प्रत्येकाने खडूने आपलं नाव लिहा. माझ्या मुलाने आठ-नऊ पावलांवर लिहिलं. गाडी सगळ्यांची नावं ओलांडून कितीतरी पुढे जाऊन थांबली. पोरं एकदम चिडीचूप! मग सरांनी तेच वीसच्या स्पीडला करून दाखवलं, स्पीड निम्मा केला तर अंतर निम्म्याहूनही खूप कमी झालं, हे पोरांनी स्वतः पावलं टाकून मोजलं.

दुसऱ्या रविवारी साधी ३० सेंमीची पट्टी. सर पट्टी वरून सोडणार, पोराने दोन बोटांत पकडायची. नुसतं उभं राहून माझ्या मुलाने १८वर पकडली, आणि दुसऱ्या हाताने व्हॉट्सॲपवर टाइप करत असताना पट्टी बोटांतून सरळ खाली पडली, तीनही वेळा. साठच्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, हे त्यानंतर सांगितलं, आधी नाही, म्हणून ते डोक्यात बसलं. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्श कारच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर गेले, ती कार चालवल्याचा आरोप असलेला मुलगाही १७चाच आणि जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता, आपण सगळे किती हळहळलो तेव्हा. पण निबंध लिहून अंतर कळत नाही हो, मैदानात उभं राहिल्यावरच कळतं.

एक गोष्ट फार आवडली, लर्निंग लायसन नसलेल्या एकाही मुलाला स्कूटर दिली नाही, त्यांची ब्रेकिंगची प्रॅक्टिस सायकलवर. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं, ॲक्टिव्हाला १८ पूर्ण लागतात, हे कितीतरी पालकांना माहीतच नव्हतं. आणि पकडलं तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, मुलाला २५व्या वर्षापर्यंत लायसन नाही. हे ऐकताना मला त्या दोनतीन वेळा आठवल्या आणि अक्षरशः पोटात गोळा आला.

कमी काय वाटलं तर पालकांचं सेशन जेमतेम वीस मिनिटं, खरं तर आम्हालाच जास्त गरज होती. लर्निंगवाली १४ मुलं आणि स्कूटर दोनच, त्यामुळे वाट बघण्यात वेळ जातो. पावसातलं आणि रात्रीचं चालवणं नुसतं तोंडी सांगितलं. हेल्मेटचा पट्टा नीट कसा लावायचा ते मात्र प्रत्येकाचा हात धरून दाखवलं.

चावी आता माझ्या कपाटात आहे आणि मुलगा रिक्षाने जातो, कुरकुर करतो पण जातो, जानेवारीत १८ पूर्ण होतील तेव्हा लर्निंग काढू. ज्यांना पाठवायचंय त्यांनी मुलांना बूट घालून पाठवा, चपला असतील तर सर मैदानात उतरू देत नाहीत, आणि सकाळी ७ला वेळेवर पोचा.